समुद्र ओलांडून आलेला ढोल
सुरत-भरूच भागातील सिद्दींची धमाल आणि तिचे जगभरातील सोयरे

‘सिद्दी’ हा शब्द कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो जंजिरा. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकापासून ही ओळख आपल्या मनात पक्की झालेली असते. समुद्रातला तो अजिंक्य किल्ला, त्याच्यावर झालेल्या मराठ्यांच्या मोहिमा आणि कोकणपट्टीला दीर्घकाळ पडलेला सिद्दीचा जाच एवढ्यावर आपली माहिती संपते. या लोकांना स्वतःचे संगीत असेल, ते संगीत आपल्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर आजही जिवंत असेल, आणि ज्याने तालाची थोडीफार उपासना केली आहे त्याने ते मुद्दाम ऐकावे अशा मोलाचे असेल, हे आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येते. मराठी घरांतून या विषयावर बोलणे क्वचितच निघते. म्हणून आज या पानावर तोच विषय घ्यावयाचे योजिले आहे.

बडोद्याहून सुरतेस जाताना वाटेत भरूच लागते. तेथून पूर्वेकडे झगडिया तालुक्यात रतनपूर म्हणून गाव आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी याच रतनपुराजवळ धनाजी जाधवांनी मोगली फौजेची धूळधाण केली, हे इतिहासप्रेमी वाचकांस आठवत असेल. गावालगतच्या टेकडीवर बावा गोर या हबशी अवलियाचा दर्गा आहे. गुजरातेतील सिद्दी त्याला आपला मूळ पुरुष मानतात. या दर्ग्याच्या अंगणात जे ढोल वाजतात त्यांचे घराणे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे आहे. सिद्दी आपल्या वादन-नर्तनाला ‘गोमा’ म्हणतात, लोकभाषेत त्याला ‘धमाल’ असे नाव आहे. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली आणि तिच्या भगिनीभाषांत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि त्या ढोलावर होणारे नृत्यही. शेकडो वर्षांत मूळ भाषा गेली, पोशाख गेला, गावांची नावे विसरली गेली. हा एक शब्द मात्र आपल्या वाद्यासह टिकून राहिला.

सुरतेचा सिद्दी आणि पेशव्यांचा करार

सुरत आणि सिद्दी यांचा संबंध समजल्याशिवाय या संगीताची पार्श्वभूमी ध्यानात येणार नाही. सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे मुख्य बंदर होते. हज यात्रेकरूंची जहाजे येथूनच सुटत, म्हणून त्यास मक्केचा दरवाजा म्हणत. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी हे शहर लुटल्यावर मोगलांना समुद्रावर एखाद्या बळकट हाताची निकड भासू लागली. जंजिऱ्याचे सिद्दी विजापूरची चाकरी सोडून याच सुमारास औरंगजेबाच्या सेवेत आले, आणि त्यांच्या आरमाराच्या खर्चासाठी सुरतेच्या महसुलातून रक्कम तोडून देण्यात आली. अशा रीतीने सिद्दी सुरतेत पाय रोवून बसला. पुढे सुरतेचा किल्लाही त्याच्या ताब्यात गेला, तो १७५९ साली इंग्रजांनी हस्तगत करीपर्यंत.

यानंतरचा प्रसंग तर सरळ पुण्याच्या दप्तराशी जाऊन भिडतो. जंजिऱ्याच्या गादीच्या तंट्यात हरलेला सिद्दी अब्दुल करीमखान ऊर्फ बाळूमियाँ पेशव्यांच्या आश्रयास आला. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९१ साली, त्याच्याशी करार झाला. त्याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस लिहून द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळचा मुलूख घ्यावा, असा तो करार होता. त्यातूनच सचीनचे संस्थान निर्माण झाले. पेशव्यांच्या हाती जंजिरा अखेरपर्यंत आला नाही तो नाहीच, पण सचीनची नवाबी मात्र १९४८ साली मुंबई इलाख्यात विलीन होईतो नांदली. आज सचीन म्हटले की सुरतेच्या माणसाला कारखान्यांची वसाहत तेवढी आठवते. या नावामागे मराठी करारनामा आहे, हे तेथे राहणाऱ्या मराठी माणसालाही सहसा ठाऊक नसते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सचीन-जंजिऱ्याचे नवाब आणि रतनपूरचे ढोलिये हे दोघेही सिद्दी म्हणवतात खरे, पण त्यांचे जगणे कधी एक नव्हते. नवाबांच्या दारी जी नौबत झडे ती इतर कोणत्याही मुसलमान दरबाराप्रमाणे इराणी-हिंदुस्थानी वळणाची. न्गोमाचा ढोल सांभाळला तो खलाशी, शिपाई, चाकर, लाकूडतोडे आणि फकीर यांनी. यांतले पुष्कळजण गुलाम म्हणून या किनाऱ्यावर उतरविले गेले होते. सुरत, खंबायत, दीव, दमण या बंदरांतून हा व्यापार शतकानुशतके चालला. हिंदुस्थानात गुलामीला कायद्याने मिळणारी मान्यता १८४३ च्या कायद्याने संपली, त्यानंतरही समुद्रावर तो चोरून काही काळ चालूच होता. अशा माणसाजवळ येताना काय असणार? गाठोडे नाही, पोथी नाही, वाद्यही नाही. होता तो हाताच्या बोटांत बसलेला ठेका. येथल्या लाकडावर येथलेच चामडे चढवून त्याने तो पुन्हा उभा केला.

अकीक गेला, माणूस आला

बावा गोरची कथा या व्यापाराच्या दुसऱ्या अंगाशी जोडलेली आहे. रतनपूरच्या परिसरात अकीकाच्या खाणी आहेत. हा दगड भाजला की त्याला तांबडा रंग चढतो, आणि त्याचे मणी घडविण्याचा धंदा खंबायतेत फार प्राचीन काळापासून चालत आला आहे. हे मणी अरबस्तानात आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात जात. परंपरा सांगते की बावा गोर हा अकीकाचा जाणकार व्यापारी होता, आणि या धंद्याला त्यानेच बरकत आणली. त्याचा भाऊ बाबा हबश आणि बहीण माई मिसरा यांचीही स्थाने तेथेच आहेत. त्या टेकडीवर एका राक्षसिणीचा अंमल होता, पुरुषांना ती आटोपेना, तेव्हा माई मिसरेने पुढे होऊन तिचा पाडाव केला, अशी आख्यायिका सिद्दी सांगतात. दर्ग्यावर मुसलमानांबरोबर हिंदू, पारशी आणि आसपासचे आदिवासीही नवस बोलतात.

कथेतला खरा-खोटा भाग निवडणे हे इतिहासकाराचे काम. आपल्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे हे, की तांबडे मणी ज्या गलबतांतून आफ्रिकेकडे जात, त्याच सागरी वाटांनी माणसे इकडे येत. दर्ग्याची कथा आणि ढोलाची कथा या दोन्ही त्याच वाटेवर घडल्या.

वाद्ये आणि त्यांची मांडणी

या संगीताचा मुख्य आधार म्हणजे मुगरमान. हा लाकडी कोरीव खोडाचा, खाली पाय असलेला उभा ढोल. वादक उभा राहून दोन्ही हातांनी तो वाजवितो. गंमत अशी की कराचीजवळच्या मंघोपीर येथील शीदी लोकांच्या मेळ्यातही याच नावाचा ढोल मानाचा असतो. एकाच किनाऱ्यावर विखुरलेल्या भावंडांनी आपले आडनाव जपावे तसाच हा प्रकार. दुसरा ढोल मुसिंदो, तो दुतोंडी असून गळ्यात अडकवून वाजवितात. स्वाहिलीत ‘म्सोंदो’ हे एका ढोलाचेच नाव आहे, तेव्हा याही शब्दाचे कूळ शोधण्यास दूर जावयास नको. नारळाच्या करवंटीत खडे भरून वरून कापड शिवलेला खुळखुळा असतो, त्याला माई मिसराचेच नाव आहे. शंखही फुंकला जातो.

या मेळात सर्वांत विलक्षण वाद्य म्हणजे मलुंगा. एक धनुष्य, त्याला बांधलेला भोपळा आणि तारेवर आघात करावयाची बारीक काठी. भोपळ्याचे तोंड छातीला कमी-अधिक टेकवून नादात फरक करावयाचा. ब्राझीलमध्ये आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी जपलेले ‘बेरिंबाव’ हे वाद्य याच जातीचे आहे. आपल्या वीणेचे मूळ धनुष्याच्या टणत्कारात आहे असे आपण ऐकत आलो आहो. ज्यांना ही कल्पना केवळ कवींची वाटते त्यांनी मलुंगा एकदा पाहावा.

१८९९ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, गुजरातच्या मुसलमानांवरील भागात, सिद्दींची, बाबा घोरची आणि या वाद्यांची नोंद आढळते. तो भाग फजलुल्ला लुत्फुल्ला फरीदी या गृहस्थांनी लिहिला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी ग्रंथाला जी गोष्ट नोंद घेण्याजोगी वाटली ती आपल्या संगीतविषयक पुस्तकांना वाटू नये, याचे नवल वाटते.

धमालीचे दोन प्रकार आहेत. एक बैठी धमाल. हिच्यात मंडळी जमिनीवर बसून बावा गोरची, माई मिसरेची आणि पैगंबराची स्तुती गातात. तिला जिक्रही म्हणतात. एकाने ओळ उचलावी, बाकीच्यांनी ती झेलावी, हा क्रम आपल्या वारकरी भजनाच्या सवयीचाच आहे. शब्द बहुतेक हिंदी-गुजराती. पण मध्येच एखादा असा शब्द येतो की गाणाऱ्यालाही त्याचा अर्थ सांगता येत नाही, तो आफ्रिकेकडून आलेला असतो. दुसरी उभी धमाल. हिच्यात नर्तक आत शिरतात. लय हळूहळू चढत जाते, अंगावर ‘हाल’ येतो आणि नारळ उंच फेकून डोक्यावर झेलून फोडण्याचे प्रसिद्ध प्रकारही हिच्यातलेच. आपण टेलिव्हिजनवर किंवा सरकारी लोकनृत्य महोत्सवात मोरपिसांचा घोळ नेसलेले, तोंडाला रंग फासलेले जे नर्तक पाहतो, ते या दुसऱ्या प्रकाराचे रंगमंचासाठी सजविलेले रूप होय.

आपल्या कानाची अडचण

संगीत शिकविण्याचा धंदा करणाऱ्यास एक गोष्ट येथे सांगाविशी वाटते. हिंदुस्थानी तालाच्या शिस्तीत वाढलेला कान प्रथम ऐकताना या ढोलांत सम शोधू लागतो. ती सापडली की त्याला बरे वाटते, हरवली की तो म्हणतो, ‘हा नुसता गोंगाट आहे.’ वस्तुतः अडचण कानाची असते.

वाचकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. सहा मात्रा मनाशी मोजाव्यात. एका हाताने तीन-तीनचे दोन भाग दाखवावेत, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर थाप द्यावी. हा आपल्या ओळखीचा दादरा झाला. आता दुसऱ्या हाताने त्याच सहा मात्रांचे दोन-दोनचे तीन भाग करावेत, म्हणजे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर थाप द्यावी. दोन्ही हात एकदम चालवू लागलात की पहिल्या मात्रेवर ते भेटतात आणि लगेच फाटतात. आपला तबलजी ‘आड’ वाजवितो तेव्हा असेच काही घडते. मात्र तेथे ठेका हा मालक असतो आणि आड हा पाहुणा, तो काही आवर्तने मुक्काम करून समेवर येऊन निरोप घेतो. आफ्रिकी ढोलवादनात दोन आणि तीन हे दोघेही घरचेच. एका ढोलाने एक हिशेब धरावा, दुसऱ्याने दुसरा, खुळखुळ्याने तिसऱ्याच ठिकाणी टिचकी मारावी, आणि ऐकणाऱ्याने ज्याच्या बोटाला धरावे त्याच्याबरोबर चालावे, हा त्या वादनाचा स्थायीभाव आहे. सिद्दींच्या धमालीत गुजराती ठेक्यांचे पाणी पुष्कळ मिसळले असले तरी त्याची खूण अजून ऐकू येते.

विद्यार्थ्यांकडून हा दोन हातांचा अभ्यास करून घेतला तर लयकारीची भीती किती लवकर जाते, हे शिकविणाऱ्यांनी अनुभवून पाहण्यासारखे आहे. दुगुण-तिगुण पाठ म्हणणारा मुलगा हिशेब बरोबर सांगतो, पण त्याच्या अंगात लय उतरलेली नसते. दोन्ही हात वेगळे चालू लागले की ती अंगात उतरते.

आपल्या बडोद्याचा संगीतवारसा थोर आहे. १८८६ साली मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली, १९१६ साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली. दरबारच्या कलावंत कारखान्यात बीनकार, गवई, पखवाजिये, सनईवाले यांना आपापली जागा होती. अशा कलावंतांच्या घरात वाढलेल्या प्रस्तुत लेखकास त्या परंपरेविषयी किती आदर आहे, हे वेगळे सांगावयास नको. तरीही हे मान्य करावे लागेल की त्या रचनेत ढोलाची जागा बहुधा मिरवणुकीत आणि दरवाजाबाहेर होती. मैफलीच्या गालिचावर त्याला कोणी बसविले नाही, आणि पुढे शाळा निघाल्या तेव्हा अभ्यासक्रमातही तो आला नाही. आज दरबार नाहीत, पण त्या पायऱ्या आपल्या मनात तशाच आहेत.

जपानी ढोलाचा धडा

या पायऱ्या बदलू शकतात याचे उत्तम उदाहरण म्हणजे जपानी ‘ताइको’. या शब्दाचाही साधा अर्थ ढोल इतकाच. जपानात मंदिरांतून, जत्रांतून आणि ‘नो’ व ‘काबुकी’ नाटकांतून ढोल पूर्वापार वाजत आले होते. पण लहानमोठे अनेक ढोल एकत्र मांडून त्यांचे स्वतंत्र वृंदवादन करावयाचे, ही कल्पना अगदी अलीकडची आहे. नागानो प्रांतातील दाइहाची ओगुची या गृहस्थांनी १९५१ साली ती प्रथम रूपास आणली. ओगुची मूळचे जॅझ पद्धतीचे ढोलवादक. देवळातल्या उत्सवाच्या ठेक्यांची जुनी नोंद हाती येताच एकाच ढोलावर ती वाजविण्यापेक्षा निरनिराळ्या आवाजांच्या ढोलांत वाटून द्यावी, असे त्यांना वाटले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या कला-कार्यक्रमांतून हे वादन पुष्कळांच्या कानी गेले.

आता अमेरिकेतील जपानी वस्तीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना सरकारने घरादारावरून उठवून छावण्यांत डांबले. त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. सुटून आल्यावर या पिढीने तोंड मिटून घेतले. मुलांना जपानी बोलू दिले नाही, सण घरातल्या घरात केले, शक्य तितके इतरांसारखे दिसावयाचे असा निर्धार केला. सरकारची जाहीर माफी आणि भरपाई यावयास १९८८ साल उजाडले.

ही कोंडी ढोलाने फोडली. १९६८ साली सेइची तानाका या जपानातून आलेल्या तरुणाने सान फ्रान्सिस्को येथे ताइकोची तालीम सुरू केली. १९६९ साली लॉस एंजेलिसच्या एका बौद्ध मंदिरात ‘किन्नर ताइको’ हा संच उभा राहिला. त्याचे नाव आपल्याच पुराणांतल्या स्वर्गीय गायकांवरून घेतलेले आहे. १९७३ साली सान होसे येथे तिसरा संच निघाला. पुढे १९७९ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्येही ‘कातारी ताइको’ सुरू झाला. हे तरुण तिसऱ्या पिढीचे होते. त्यांना जपानी भाषा धड येत नव्हती, आणि जपानातून ढोल आणावयास पैसे नव्हते, कारण अखंड खोडाचा मोठा ढोल फार महाग पडतो. म्हणून किन्नर मंडळींनी दारूची रिकामी पिंपे आणून त्यांवर स्वतः चामडे चढविले. पुढे बहुतेक संचांनी तोच मार्ग धरला. आईबापांनी जे मिटून घेतले होते ते मुलांनी भर रस्त्यात दणदणीत आवाजात म्हटले. या संचांतून स्त्रियाही मोठ्या संख्येने पुढे आल्या. मवाळ, मुकी जपानी बाई ही अमेरिकनांच्या मनातली प्रतिमा त्यांच्या दांड्यांनी पार फुटली.

या इतिहासातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, परंपरा जुनी असावी लागते असे नाही, ती मनापासून धरलेली असावी लागते. दुसरी, वाद्य परदेशात टिकते ते त्याच्याभोवती कुटुंबे, देऊळ, तालीम अशी काही रचना असेल तर. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ताइको शिकविला जातो. इतर वंशाचा, इतर धर्माचा मनुष्यही तेथे दाराशी येऊन शिष्य होऊ शकतो. त्यामुळे ढोल वाजविणारे केवळ पाहण्याची वस्तू राहिले नाहीत, ते गुरू झाले.

आपलेही ढोल समुद्रापार गेले

आपल्या लोकांनीही असेच केले आहे. १८४५ साली हिंदी मजुरांचे पहिले जहाज त्रिनिदादला पोहोचले, आणि उत्तर हिंदुस्थानातल्या मजुरांबरोबर ताशा त्या बेटावर उतरला. आज तेथे ‘तासा’ हे मोहरमचे आणि लग्नसराईचे वाद्य तर आहेच, पण हिंदी वंशाच्या लोकांची ती ओळखही आहे. हा ताशा तरी मूळचा कोठला? त्याचे नाव फारसी-अरबीकडून आलेले, म्हणजे तोही एकेकाळी पाहुणाच. मॉरिशसला गेलेल्या कोकणातल्या मराठी मजुरांनी आपली जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने जिवंत ठेवली. त्याच बेटावर आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचा ‘रावान’ हा डफ वाजतो.

खुद्द सुरतेत पाहिले तरी हेच दिसते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी कुटुंबे यंत्रमागांच्या आणि कापडाच्या धंद्यावर पोट भरीत आहेत. आपल्यासारख्या गायकवाडीत स्थायिक झालेल्या जुन्या घराण्यांची आणि त्यांची परिस्थिती वेगळी. पण भाद्रपदात गणपती निघाला की सुरतेच्या रस्त्यावर जो ढोल-ताशा कडाडतो तो त्यांचाच. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहिलेला मनुष्य संध्याकाळी ताशाच्या काठ्या हाती घेतो, त्या वेळी तो काय शोधीत असतो, हे रतनपूरच्या सिद्दीला आपल्यापेक्षा अधिक चांगले कळेल.

आजचा प्रश्न

आता मूळ विषयाकडे येऊ. सिद्दींची धमाल आज मेलेली नाही. २००२ नंतरच्या काळात भरूचकडच्या कलावंतांच्या ‘सिदी गोमा’ या संचाने युरोप-अमेरिकेचे दौरे केले. नझीर जयराजभॉय आणि एमी कॅटलिन-जयराजभॉय या संशोधक दांपत्याने २००३ साली सिद्दी संगीतावर माहितीपट काढला. मलुंगा वाजविणारे हात संपत चालले हे पाहून ते वाद्य पुन्हा शिकविले जावे यासाठीही त्यांनी प्रयत्न केला. २०२३ साली गीरमधील जांबूरच्या हिराबाई लोबी यांना समाजसेवेबद्दल पद्मश्री मिळाली, तेव्हा सिद्दी समाजाचे नाव देशभर झाले. हे सर्व आनंदाचेच आहे.

परंतु दोन गोष्टी मनाला टोचतात. पहिली संगीताबाहेरची, पण संगीताला पोसणाऱ्या भाकरीची. सौराष्ट्रातील सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. ती यादी अमरेली, भावनगर, जामनगर, जुनागढ, राजकोट, सुरेंद्रनगर अशा जिल्ह्यांच्या नावानिशी बांधलेली आहे. भरूच-सुरतेकडचा सिद्दी तिच्यात बसत नाही. पूर्वज एक, पीर एक, ढोल एक, तरी जिल्ह्याच्या रेषेने एका भावाला शिष्यवृत्ती मिळावी आणि दुसऱ्याला मिळू नये, ही व्यवस्था समजावून सांगणे कठीण आहे.

दुसरी गोष्ट आपल्याच पदरात पडणारी. धमालीला आज मागणी आहे ती उभ्या धमालीला. हॉटेलवाल्याला, पर्यटन-महोत्सवाला, लग्नाच्या स्वागत-समारंभाला मोरपिसे, रंगविलेले चेहरे आणि फुटणारे नारळ हवे असतात, तेही दहा-पंधरा मिनिटांत. बैठी धमाल कोणी मागत नाही. तिला तासन्‌तास लागतात, तिच्यात पाहण्यासारखे काही नाही, ऐकण्यासारखे मात्र सर्व काही आहे. मागणी नसलेला माल दुकानदार ठेवीत नाही, मग पोटासाठी वाजविणाऱ्या तरुणाने तरी तो का ठेवावा? बैठी धमाल गेली की जिक्रातली गाणी जातील, त्या गाण्यांतले ते अर्थ हरवलेले शब्द जातील, आणि मलुंग्याला तर जागाच उरणार नाही. मोठ्या ढोलांच्या गर्जनेत तो ऐकूच येत नाही, त्याला बैठकीचीच शांतता हवी.

सिद्दी कलावंताला ‘रानटी नृत्य करणारा हबशी’ म्हणून उभे करून टाळ्या पिटणे हे त्याचा गौरव करणे नव्हे. त्याचे पूर्वज पाच-सहाशे वर्षे या भूमीत राहिले, अहमदाबादच्या सिदी सैयद मशिदीची अप्रतिम दगडी जाळी ज्याच्या नावाने जगप्रसिद्ध आहे तो अमीर हबशी होता, आणि ज्याने खडकीचे शहर वसविले तो मलिक अंबरही हबशीच. हा मनुष्य आपल्या घरी गुजराती बोलतो आणि आपल्याइतकाच येथला आहे.

म्हणून सूचना साध्या आहेत. आपल्या संगीत शाळांनी आणि मंडळांनी वर्षातून एकदा रतनपूरकडच्या एखाद्या जाणत्या वादकास बोलवावे. नाचावयास नव्हे, शिकवावयास. त्याला शास्त्रीय कलावंतास देतो तशी बिदागी द्यावी. विद्यार्थ्यांना मुगरमानापुढे उभे करावे आणि तबल्याच्या वर्गात बसलेल्या मुलास दोन व तीन यांची गाठ त्याच्याकडून समजावून घेऊ द्यावी. बैठी धमाल पूर्ण वेळ ऐकावी, ध्वनिमुद्रित करावी, आणि त्या मुद्रणाची प्रत प्रथम त्या वादकाच्या घरी पोहोचवावी. आपल्याकडील ढोल-ताशा पथकांतल्या उत्साही तरुणांनी नवरात्र-गणपतीच्या आधी चार दिवस तिकडे काढले, तर त्यांच्या वादनातही केवळ जोराऐवजी थोडी वीण येईल.

अमेरिकेतल्या जपानी मुलांना आपला ढोल परत मिळाला, कारण ऐकणारा समाजही हळूहळू ऐकावयास शिकला. सिद्दींनी आपला ढोल हरविलेला नाही, तेव्हा त्यांचे अर्धे काम झालेलेच आहे. उरलेले अर्धे आपल्या कानांचे आहे. उरसाच्या दिवसांत भरूचकडे जाणे झाले तर वाचकांनी झगडियाची वाट धरावी, टेकडी चढावी, अंगणात एका बाजूस बसावे आणि सम शोधण्याची घाई न करता तासभर ऐकावे.